चिंतेचेचा किनारा

दर रविवारी दुपारी साडेबाराच्या सुमारास आफ्रिकेतल्या मलावीहून लेकाचा, लोकेशचा फोन यायचा, आणि वैजयंताबाई बारापासूनच फोनजवळ खुर्ची ओढून बसायच्या. त्या वेळी कुणी फोन करून लाइन अडवली, तर त्या माणसाची धडगत नसे. दोन हजार सातच्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी फोन आला आणि वैजयंताबाई बोलता बोलता खुर्चीतून उठूनच उभ्या राहिल्या. मग रिसीव्हर छातीशी धरून त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "अहो, लोकेश आपल्याला बोलावतोय. विमानानं."

त्यांची लेक पंचशीला तेव्हा ओट्याशी पोळ्या लाटत होती. 'आपल्याला' या शब्दात आपण येतो की नाही, हे कळायला तिला दोन पोळ्यांचा वेळ लागला. येत नव्हती. तिकिटं दोनच होती, आईबाबांची. एप्रिलच्या शेवटी जायचं, मे महिनाभर राहायचं आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात परत यायचं. लोकेशनं पंधरा दिवसांची रजाही टाकून ठेवली होती.

पंचशीला खिल्लारे भाईंदर पूर्वेच्या एका मराठी शाळेत एकोणीस वर्षं भूगोल शिकवत होती. वय एक्केचाळीस. स्थळं आली तेव्हा काही ना काही आडवं आलं, आणि मग ती यायचीच थांबली. एम. ए.ला भूगोलाला प्रवेश घेतला होता. पण लोकेशला पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात जागा मिळाली त्याच वर्षी तिला शाळेत नोकरी लागली. एम. ए. पुढच्या वर्षी करू म्हणाली आणि ते पुढचं वर्ष काही उजाडलं नाही. वडील तात्याराव टपाल खात्यात सॉर्टर होते. बत्तीस वर्षं पत्रांवरचे पत्ते वाचून ती खणांत टाकली आणि निवृत्त झाले. परभणीकडची ही माणसं आधी मुंबईत भाड्याच्या खोलीत राहिली, मग भाईंदरला दोन खोल्या घेतल्या. आईची गुडघेदुखी, बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, विहारातल्या वर्गण्या, रेशनकार्डावरचा पत्ता, हे सगळं पंचशीलाच्या अंगावर होतं. लोकेश चार वर्षांपूर्वी लिलाँग्वे शहरात प्लास्टिकचे पिंप बनवणाऱ्या कारखान्यात मॅनेजर होऊन गेला होता. बायको रुचिता आणि तीन वर्षांचा अभिनव तिथेच होते.

त्या दिवशी लोकेशनं शेवटी फोन ताईकडे द्यायला सांगितला. तिला वाटलं, आता विचारेल. तो म्हणाला, "ताई, तुझी मदत पाहिजे. इथं ते मोठं सरोवर आहे ना, त्याच्या काठानं सगळे बीचच बीच आहेत. आम्ही दोनदा सेंगा बेला गेलो तेवढंच. तू भूगोलवाली. आईबाबांना झेपतील, बघण्यासारखे असतील असे चार-पाच निवडून दे. तू लिहिशील तसं फिरवतो त्यांना."

मागून रुचिताही बोलली, की ताईंची चॉइस नेहमी मस्त असते. पंचशीला बरं म्हणाली. फोन ठेवल्यावर तिनं गार झालेल्या तव्याखाली पुन्हा गॅस पेटवला आणि पुढच्या सगळ्या पोळ्या करपवल्या.

आठवडाभरात बातमी बिल्डिंगभर झाली. शेजारच्या आशाताई पेढे मागायला आल्या. तळमजल्यावरच्या गुजराती काकींनी विमानात स्वेटर ठेवा म्हणून बजावलं. शाळेत मात्र सुचेतानं, तिच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मैत्रिणीनं, नेमका नको तो प्रश्न विचारला. मे महिन्यात तर तुला सुट्टीच असते, मग तू नाही का चाललीस? पंचशीलानं सांगितलं, की एवढ्या लांबचा प्रवास मला मानवत नाही. खरं तर शाळेच्या सहलीपलीकडे तिनं प्रवासच केला नव्हता. दरवर्षी सहल एक तर उत्तनच्या किनाऱ्यावर किंवा वसईच्या किल्ल्यावर.

राग कुणावर काढायचा तेच तिला कळत नव्हतं. आईबाबांनी आयुष्यात काही पाहिलं नव्हतं, त्यांनी जावं हे तिलाही पटत होतं. लोकेशनं काही दुष्टपणा केला नव्हता. त्याच्या मनातच आलं नव्हतं. हेच तिला जास्त लागलं. आपल्याला टाळलं असतं तर निदान आपला विचार तरी झाला असता.

तरी ती कामाला लागली. शाळा सुटल्यावर केबिन रोडवरच्या एका सायबर कॅफेत जाऊन बसू लागली. मलावी सरोवर तिला नवीन नव्हतं. तिच्या लहानपणीच्या नकाशात त्याला न्यासा म्हणत. उत्तर-दक्षिण लांबच लांब, निळं, वाकड्या बोटासारखं. दर वर्षी आफ्रिकेचा धडा आला की ती ते फळ्यावर न बघता काढायची. पण त्या बोटाच्या काठावर वाळू आहे, होड्या आहेत, झाडाखाली टेबलं मांडलेली आहेत, हे तिनं कधी मनात आणलं नव्हतं. आता एकेक नाव उघडत गेलं. सेंगा बे, लिलाँग्वेपासून दोन तासांवर, म्हाताऱ्या माणसांना सोयीचं. केप मॅक्लियर, जिथं पाणी इतकं स्वच्छ की रंगीत मासे काठावरून दिसतात. उत्तरेकडचं न्खाटा बे, खडकाळ, हिरवं, छोट्या बंदराचं. वहीत तिनं प्रत्येकाचं अंतर, रस्ता, पायऱ्या आहेत का, संडासाची सोय कशी, सगळं टिपलं. पाण्यातल्या गोगलगायींमुळे होणाऱ्या एका रोगाबद्दल वाचलं, तेव्हा पहिल्याच पानावर लाल शाईनं लिहिलं, की सरोवरात कुठेही तिथल्या माणसांना विचारल्याशिवाय उतरू नये.

आणि मग एका संध्याकाळी तिला चिंतेचे सापडलं.

नाव वाचून ती एकटीच हसली. न्खाटा बेच्या थोडं अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून जरा आत वळलं की लागणारं गाव. तिनं फोटोवर क्लिक केलं. कॅफेतलं नेट म्हणजे गोगलगाय. फोटो वरून खाली एकेक पट्टी उतरू लागला. आधी आभाळ, मग दाट झाडांचे शेंडे, मग त्यांची सावली, मग पांढुरकी वाळू, आणि सगळ्यात शेवटी पाणी. वाळूवर एक माणूस नव्हता. एकाही पावलाचा ठसा नव्हता. पंचशीला बघत राहिली. कॅफेवाल्यानं "मॅडम, टाइम हो गया" म्हणून दोनदा सांगितलं तेव्हा ती उठली. त्यानंतर तीन दिवस ती तिथं गेली ती तेवढा एक फोटो उघडायला. रिक्षात बसल्यावर, परीक्षेच्या वर्गावर फिरताना, भाजी निवडताना ती त्या झाडांच्या सावलीत जाऊन बसायची. एकटी. तिथं आई नव्हती, बाबा नव्हते, रुचिता तर नव्हतीच.

कच्च्या यादीत मात्र तिनं चिंतेचे लिहिलं होतं. पहिल्या नंबरावर. शेजारी 'सर्वांत सुंदर' असंही लिहिलं होतं.

मार्चच्या अखेरीस एका शनिवारी ती यादी पक्की उतरवायला बसली. बाहेरच्या खोलीत वैजयंताबाई आणि आशाताई मसाला निवडत होत्या, रुचितासाठी न्यायचा. यादीतली नावं ऐकायची म्हणून आईनं तिला मोठ्यानं वाचायला सांगितलं. तळ्याला वाळूचा किनारा असतो हेच आधी आईला पटेना. मग तिनं सरोवराची लांबी सांगितली, तसे तात्याराव पेपरातून डोकं काढून म्हणाले, की म्हणजे इथून पार आपल्या परभणीपर्यंत एकच पाणी. सगळे हसले. पंचशीलालाही बरं वाटलं. ती पुढचं नाव वाचणार तेवढ्यात आई आशाताईंकडे वळली आणि म्हणाली, "काय सांगू बाई, माझ्या लोकेशनं आईबापाला जग दाखवलं. नाही तर इथं बसून आम्हाला कोण विचारणार होतं? लेक असावा तर असा."

आशाताईंनी मान डोलावली. सुपातल्या मिरच्या खळखळल्या. पंचशीला दारात वही घेऊन उभी होती. गेल्याच आठवड्यात तिनं रजा टाकून आईला लस टोचायला मुंबईला नेलं होतं, त्याआधी पासपोर्टच्या रांगेत दोन दिवस काढले होते. तिला कुणी पुढचं नाव विचारलं नाही.

ती आत गेली. पांढऱ्या कागदावर तिनं सेंगा बे लिहिलं, केप मॅक्लियर लिहिलं, वाटेतलं न्खोटाकोटा लिहिलं, न्खाटा बे लिहिलं. प्रत्येकाखाली नीट माहिती लिहिली. चिंतेचे लिहिलं नाही. पेन क्षणभर थांबलं, पण तिनं लिहिलं नाही. हे माझं आहे, असं ती मनात म्हणाली. सगळं घ्या, हे मी देणार नाही. आणि कागदाची घडी घालून बाबांच्या पासपोर्टच्या पाकिटात ठेवली.

एप्रिलच्या शेवटी दोघं गेली. विमानतळावर तात्याराव तीनदा पाकीट चाचपून तो कागद असल्याची खात्री करत होते.

पंचशीलानं मे महिना एकटीनं काढला. उत्तरपत्रिका तपासल्या, माळे झाडले, पंखे पुसले. एक दिवस बस धरून मुर्धा गावापर्यंत गेली, मिठागरांच्या कडेनं उगाच चालली आणि उन्हानं डोकं धरलं म्हणून परत आली. रविवारी फोन आता तिकडून तिच्यासाठी यायचा, पण बोलायची आईच. अभिनव आजीला सोडतच नाही. रुचितानं पायाला तेल लावून दिलं. सेंगा बेला खुर्च्या टाकून दिवसभर बसलो. उत्तनला बोंबील वाळत घालतात तसे इथंही काठावर बारीक मासे वाळत घालतात. पंचशीला हो, हो म्हणायची आणि फोन ठेवल्यावर तिचे दात आवळलेले असायचे. एकदा तर केप मॅक्लियरला आदल्या दिवशी वारा सुटून होड्या बंद होत्या हे ऐकून तिला चक्क आनंद झाला. मग त्या आनंदाची इतकी लाज वाटली, की त्या दिवशी ती जेवली नाही. पण लाज वाटली म्हणून जळणं थांबलं, असं काही झालं नाही.

जूनच्या पाच तारखेला आईबाबा परतले. दोघंही काळवंडले होते आणि दोघंही तरुण दिसत होते. केबिन रोडवरच्या स्टुडिओतून फोटोंचे प्रिंट काढून आणले आणि संध्याकाळी चहा घेत पाहायला बसले. आशाताईही आल्या. हा सेंगा बे, हा न्खोटाकोटाचा बाजार, ही रुचिता पाण्यात पाय सोडून. न्खाटा बेचे फोटो आले, तेव्हा वैजयंताबाईंना एकदम आठवलं.

"तिकडं जाताना एक गंमत झाली बघ," त्या म्हणाल्या. "रस्त्यात पाटी होती. कारखान्याचा ड्रायव्हर होता ना, फिरी म्हणून, त्यानं गाडी हळू केली. म्हणाला, इथं आत वळू, सगळ्या सरोवरात असा किनारा नाही. नाव काय तर चिंतेचे. मी म्हटलं, चिंता काय घरी कमी आहे?"

आशाताई हसल्या. पंचशीलानं विचारलं, मग गेलात?

"ह्यांनी जाऊ दिलं तर ना. लोकेश म्हणत होता, रुचिता म्हणत होती. पण हे कागद काढून बसले. ह्यात नाही म्हणाले."

तात्यारावांनी चष्मा काढून पुसला. त्यांना त्यात गंमत वाटत नव्हती. बत्तीस वर्षं त्यांनी पाकिटावर लिहिलेलं वाचलं होतं आणि लिहिलंय तिथंच पत्र टाकलं होतं. ते म्हणाले, पंचशीलानं दोन महिने बसून यादी केली, वाटेवरचं गाव तिला दिसलं नसेल असं होणार नाही. तिनं ते लिहिलं नाही, म्हणजे त्याला काहीतरी कारण असणार. मग लेकीकडे वळून त्यांनी साधेपणानं विचारलं, "काय कारण होतं गं?"

पंचशीलाच्या तोंडून उत्तर निघालं ते तिचं तिलाही नवीन होतं. पाण्यात रोग आहे म्हणाली. त्या गोगलगायींचा. तिथं जास्त आहे असं वाचलं होतं.

"बघ, मी म्हणालो नव्हतो?" तात्याराव बायकोला म्हणाले.

झालं एवढंच असतं तर कदाचित ती ते विसरून गेली असती. पण तात्यारावांनी ते धरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी विहारात त्यांनी गुणवंतरावांना, आपल्या जुन्या दोस्ताला, सगळी हकिकत सांगितली. लेकानं नेलं खरं, पण सुखरूप आणलं लेकीनं. इथं बसून तिनं तिकडचा रोग ओळखला. जिन्यात भेटेल त्याला ते हे सांगू लागले. वैजयंताबाईही आशाताईंना म्हणाल्या, की पोरगी बोलत नाही पण जीव लावते. एकोणीस वर्षांत जे शब्द पंचशीलाच्या वाट्याला आले नव्हते ते आता दिवसाला दोनदा येऊ लागले. दर वेळी ती काहीतरी काम काढून तिथून उठायची. रविवारी तर कहर झाला. तात्यारावांनी फोनवर लोकेशला सांगितलं, आणि लोकेश घाबरला. कारखान्यातली चार कुटुंबं पुढच्या महिन्यात चिंतेचेलाच जाणार होती. त्यांना आजच्या आज नको म्हणून कळवतो, म्हणाला.

फोन ठेवल्यावर तात्याराव भाजी आणायला निघाले. पंचशीला पिशवी घेऊन त्यांच्याबरोबर उतरली. केबिन रोडवर रविवारची गर्दी होती. भाजीच्या गाड्या, चपलांचे ढीग, रिक्षांचे भोंगे. एका बंद दुकानाच्या पायरीपाशी ती थांबली आणि म्हणाली, "बाबा, तिथं रोगबिग काही जास्त नाही. मी खोटं बोलले."

तात्यारावांना गोंगाटात नीट ऐकू आलं नाही. तिला ते पुन्हा सांगावं लागलं, मोठ्यानं.

"मग का नाही लिहिलंस?"

"सगळ्यात चांगलं तेच होतं म्हणून. ते मला पाहिजे होतं. तुम्ही सगळे जाणार, फोटो काढणार, आणि मी इथं बसून ते बघणार, हे मला सहन होईना. तेवढं एक मी माझ्यासाठी ठेवलं."

एवढं बोलून ती रडली नाही. रडू आलं असतं तर बरं झालं असतं असं तिला वाटलं. तात्याराव पायरीवर बसले. ते चिडतील, दुखावतील, काहीतरी बोलतील म्हणून ती वाट पाहत राहिली.

"तिकिटं दोनच आली," ते शेवटी म्हणाले, "तेव्हा तुझं काय, असं मी विचारायला पाहिजे होतं. मला सुचलं होतं. आई खूश होती, म्हणून बोललो नाही." मग उठत म्हणाले, "लोकेशला आजच कळव. लोकांना उगाच भीती नको."

तिनं तिथल्याच बूथवरून मलावीला फोन लावला. चिंतेचेला जास्त धोका असल्याचं आपण खोटं सांगितलं, सावधगिरी सगळीकडे सारखीच घ्यायची, एवढंच तिनं सांगितलं. लोकेशनं का म्हणून विचारलं, तेव्हा तिनं तेही सांगितलं. पलीकडे तो गडबडला. मग म्हणाला, "अगं, मग बोलायचंस ना. तू ये की पुढच्या मेमध्ये. त्यात काय."

त्यात काय. पंचशीलाला आनंद व्हायला हवा होता. तिला राग आला. इतकं सोपं होतं तर ते त्याला फेब्रुवारीत का सुचलं नव्हतं? पण ती बरं म्हणाली, आणि येईन म्हणाली.

वैजयंताबाईंना तात्यारावांनी घरी गेल्यावर सांगितलं. त्यांनी ते सोपेपणानं घेतलं नाही. आईवर जळते ही पोरगी, असं म्हणून दोन दिवस त्या पंचशीलाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी तिच्या डब्यात भाकरी आणि ठेचा होता, पण बोलणं नव्हतंच. चौथ्या दिवशी आशाताईंसमोर काही निघालं, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, की लेकीनं रजा टाकून लस टोचायला नेलं होतं ते मी विसरले होते. म्हणाल्या त्या आशाताईंना. पंचशीला आत होती, आणि ती आत आहे हे त्यांना ठाऊक होतं.

जुलैत पंचशीलानं पासपोर्टचा फॉर्म आणला. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर पसरून ती निळ्या शाईनं भरू लागली. जन्मस्थळ, परभणी. शिक्षण. उंची. वैजयंताबाई शेंगा सोलत समोर बसल्या होत्या. फॉर्मकडे त्यांचं लक्ष होतं, पण दाखवत नव्हत्या. न्खाटा बेच्या खडकांवरून आपला पाय कसा घसरला होता ते त्यांनी पुन्हा एकदा सांगितलं. रुचिताला एकटीला सगळं झेपत नाही, असंही सांगितलं. मग शेंगांकडे बघत विचारलं, "मी पण येऊ का गं? तेवढं एक राहिलंच बघायचं."

पंचशीलानं पेन थांबवलं. पूर्वीची ती असती तर हो म्हणाली असती आणि पुढे वर्षभर आतल्या आत जळत राहिली असती.

"नाही आई," ती म्हणाली. "या वेळी मी एकटी जाणार."

सुपातल्या शेंगा तशाच टाकून वैजयंताबाई उठल्या. आत भांडी जरा जास्तच जोरानं वाजू लागली. मग त्यांचा आवाज आला, नवऱ्याला उद्देशून, की लोकांच्या नशिबात काय काय असतं बाई, एकट्यानं फिरायचं, कुणाची चिंता नाही. तात्यारावांनी पेपरामागून लेकीकडे पाहिलं. पंचशीलाला उठून आत जावंसं वाटलं. ती उठली नाही. तिनं 'आईचे नाव' हा पुढचा रकाना वाचला आणि त्यात आईचं पूर्ण नाव लिहिलं.